कुंडीतील शोभिवंत झाडांचे अवस्थानिहाय पोषण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गडहिंग्लज परिसरातील हिरण्यकेशीकाठचे शेत आणि त्याच परिसरातील अंगणातील कुंडी यांत मूलभूत फरक आहे. शेतातील पिकाची मुळे अन्नाच्या शोधात दूरवर पसरतात. कुंडीतील जास्वंद, शेवंती वा क्रोटन यांना मात्र घमेलेभर मातीतच जगावे लागते. पाण्याबरोबर अन्नद्रव्ये तळाच्या छिद्रातून वाहून जातात आणि जादा खत क्षाररूपाने साचून मुळे करपवते. म्हणूनच ‘काय द्यावे’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा द्यावे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधात त्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

कुंडीतील आद्य प्रयोग :
वनस्पतिपोषणाच्या शास्त्राचा एक आरंभ कुंडीतच झाला. व्हॅन हेल्मॉन्ट याने 200 पौंड मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून 5 वर्षे केवळ पाणी दिले. झाड 169 पौंडांचे झाले. माती सुमारे 2 औंसच घटली. 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या 2 औंसांचे मोल मात्र त्यास उमगले नाही. खनिज अन्नद्रव्यांचे महत्त्व एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल व लीबिग यांच्या लेखनातून प्रस्थापित झाले. भारतीय परंपरेतही सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात कुणपजल या आंबवलेल्या द्रवखताचे वर्णन आढळते.

अवस्थेनुसार मात्रा :
वाढीच्या अवस्थेनुसार कुंडीमिश्रणाचे प्रमाणीकरण करणारा ठळक टप्पा 1930 च्या दशकातील होय. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स व न्यूवेल यांनी प्रमाणित मिश्रणे सिद्ध केली. बी पेरण्याच्या मिश्रणात खत अत्यल्प होते. पुनर्लागणीसाठी माती, पीट व वाळू यांचे 7:3:2 हे प्रमाण कायम ठेवून तीन मिश्रणे ठरविली. त्यांतील खताची मात्रा अनुक्रमे एकपट, दुप्पट व तिप्पट होती. लहान रोपास पहिले, तर मोठ्या कुंडीतील प्रौढ झाडास तिसरे मिश्रण योग्य मानले गेले.

कोल्हापूर परिसरातील संदर्भ :
पीट आपल्याकडे सहज मिळत नाही. या दृष्टीने कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांचे ‘प्रयोग परिवार’ हे कार्य उल्लेखनीय ठरते. स्थानिक जैवभार कुजवून सुपीक माती घडविण्यावर त्यांनी भर दिला; त्यांचा ‘प्लेन्टी फॉर ऑल’ हा ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, ठिबक सिंचनाबरोबर रूढ झालेली विद्राव्य खते आज कृषी सेवा केंद्रांत मिळतात : वाढीसाठी 19:19:19, कळी धरताना 0:52:34 आणि फुलोऱ्याच्या काळात 13:0:45. पहिला मार्ग मातीचा कस घडवितो, दुसरा नेमक्या वेळी नेमके अन्न पुरवितो.

समारोप :
सारांश, रोपावस्थेत अल्प, शाकीय वाढीत नत्रयुक्त, कळी येताना स्फुरद व पालाशयुक्त आणि विश्रांतीच्या काळात जवळपास शून्य खत, हा क्रम प्रयोगांतून घडलेला आहे. वर्षभर एकाच मापाने खत घालण्याच्या सवयीने पैसा आणि झाड दोन्ही वाया जातात. महाविद्यालयीन उद्यानांनी खतांची तारीखवार नोंदवही ठेवल्यास ही हानी टळेल आणि स्थानिक माहितीचा संचयही होईल.