शास्त्रदानाची परंपरा आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय

आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांमध्ये शास्त्रदानाचे स्थान आगळे आहे. अन्नाने एका वेळची क्षुधा शांत होते, औषधाने एक व्याधी दूर होते; ग्रंथ मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतो. म्हणूनच पाटण, जेसलमेर, मूडबिद्री आणि आपल्या विदर्भातील कारंजा येथील भांडारांत ताडपत्रे व पोथ्या जिवापाड जपल्या गेल्या. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी या तिथींना ग्रंथपूजन होते. बासने सोडणे, पोथ्यांना हवा देणे, कसर झटकणे आणि नव्या वस्त्रात त्या पुन्हा बांधणे हाही त्या पूजनाचाच भाग होय. पूर्वजांनी श्रद्धेला व्यवस्थेची जोड दिली, म्हणून ग्रंथ टिकले.

भांडारात ग्रंथ जपला जातो. सार्वजनिक ग्रंथालयात तो जपलाही जातो आणि जातपात, पंथ, सांपत्तिक स्थिती न विचारता वाचकाच्या हातीही दिला जातो. मुंबईत या नव्या परंपरेला जैन दातृत्वाचा हात फार लवकर लाभला. मूळचे सुरतचे, कापसाच्या व्यापारातील अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद (1831–1906) यांनी 1864 साली मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेठजींची अफाट संपत्ती पाहता पाहता नाहीशी झाली. परंतु दिलेले दान अबाधित राहिले. 1878 साली पूर्ण झालेला मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो. 2018 साली जागतिक वारशाचा मान मिळालेल्या मुंबईतील वास्तुसमूहात त्याचा समावेश आहे. साठविलेले गेले आणि दिलेले उरले, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण!

विद्यापीठाचे ग्रंथालय प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे व विद्वानांचे. सामान्य मराठी वाचकासाठी त्याच्या भाषेतील ग्रंथ एकत्र करण्याचे कार्य मध्यमवर्गीय ग्रंथप्रेमींनी हाती घेतले. 1893 साली ठाण्यात वि. ल. भावे आदींनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्यापाठोपाठ 1 ऑगस्ट 1898 रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. तो काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. 1896 साली मांडवी भागात सुरू झालेल्या प्लेगने शहर ग्रासले होते. घरांना कुलपे लावून लोक गावाकडे धाव घेत असता काही मंडळी मराठी पुस्तके जमवीत होती, ही गोष्ट आज अद्भुत वाटते.

पुढे दादर पूर्वेस नायगाव येथे संस्थेची मुख्य वास्तू उभी राहिली. ही जागा गिरणगावाच्या उंबरठ्यावरची. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणलेले कापड मुळजी जेठा मार्केटच्या पेढ्यांवर विकले जाई. विणणारा कामगार आणि विकणारा व्यापारी एकाच धाग्याने बांधलेले होते. कामगारांच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत. तेथील मुलाला शांतपणे अभ्यास करण्यास जागा मिळणे दुरापास्त होते. अशा वस्तीत वाचनालयाचे टेबल, पंखा आणि दिवा हीच मोठी समाजसेवा ठरते. 1982 च्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या आणि त्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. अभ्यासाला जागा शोधणारा विद्यार्थी मात्र आजही आहे.

संस्थेचे दुसरे मोठे कार्य संशोधनाचे. 1948 साली तिच्या आश्रयाने मराठी संशोधन मंडळ सुरू झाले व प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी त्याची धुरा वाहिली. भारतातील मुद्रणकलेचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मंडळाने 1958 साली प्रसिद्ध केला. संग्रहालयातील अमोल ठेवा म्हणजे ‘दोलामुद्रिते’, अर्थात मराठी मुद्रणाच्या पाळण्यातील पुस्तके. 1805 साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. तेव्हापासून 1867 पर्यंतच्या मुद्रितांना ही संज्ञा लावतात. 1867 साली पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकांची सक्तीची सरकारी नोंद नाही. कोणी प्रत जपली असेल तरच ते पुस्तक अस्तित्वात आहे.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना शासन वर्गवारीनुसार अनुदान देते; परंतु संस्थेचा मूळ आधार वर्गणी, देणगी आणि निःस्वार्थ कार्यकर्ते हाच राहतो. धार्मिक विश्वस्त संस्थांचाही आधार तोच. म्हणून ग्रंथालयांची अडचण आपल्या समाजाला सहज उमगावी. इमारतीसाठी दाता मिळतो, कारण तेथे संगमरवरी फलक लागतो. फाटक्या पुस्तकाच्या बांधणीवर, कीटकनाशकावर, कपाटावर किंवा सेवकाच्या वेतनावर फलक लागत नाही. पण वास्तू भक्कम असूनही आतील कागद पिवळा पडून हाताळताच तुटू लागला, तर ते दान अपुरेच म्हणावे लागेल.

यात समाजाचा स्वतःचा इतिहासही गुंतलेला आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी कोरलेल्या लेखाची गणना मराठीच्या प्राचीन लेखांत होते. शिळेवरचे अक्षर हजार वर्षे टिकते. कागदाचे तसे नाही. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकात सोलापुरात सुरू केलेल्या ‘जैन बोधक’सारख्या नियतकालिकांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, चातुर्मासाच्या पत्रिका आणि स्मरणिका अनेक घरांतील ट्रंकांत पडून आहेत. जागा बदलताना, वडीलधारी मंडळी निवर्तल्यावर त्या रद्दीत जातात आणि त्यांच्यासोबत एका पिढीचा वृत्तान्त कायमचा पुसला जातो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हणूनच काही साधे संकल्प उचित ठरतील. प्रत्येक कुटुंबाने जवळच्या एका ग्रंथालयाचे सभासद व्हावे. जुनी जैन मराठी प्रकाशने रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी ती ग्रंथपालांना दाखवावीत. ज्ञानपंचमीच्या वा श्रुतपंचमीच्या निमित्ताने काही रक्कम केवळ ग्रंथांच्या बांधणीसाठी काढून ठेवावी. आणि या स्मरणिकेची एक प्रत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे अवश्य पोहोचवावी. पन्नास वर्षांनी न्यासाचा शताब्दी महोत्सव साजरा करणाऱ्या पिढीला आपल्या पूर्वजांचे कार्य जाणून घ्यावयाचे झाल्यास तिला ही पाने तेथे सापडली पाहिजेत. शास्त्रदानाची परंपरा पुढे नेण्याचा हाच सुलभ आणि शाश्वत मार्ग होय.