चार बोटं खाली

परवा शेजारच्या पोराने त्याच्या जुन्या होंडा सिव्हिकची पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली होती. स्प्रिंगा बदलून त्याने गाडी चांगली चार बोटं खाली आणलीय, पण आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासतो. पठ्ठ्याने क्लिपा उपटल्या, स्क्रू सोडवले आणि अख्खं अस्तर ओढून बाहेर काढलं. जागा किती मिळाली? एखाद-दोन सेंटीमीटर!

मी सवयीने उपदेश सुरू केला. ते अस्तर काय शोभेला नसतं. टायरने उडवलेली खडी नि चिखल वायरिंगवर आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊ नये म्हणून ते असतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत खपून जाईल, पण कोकणातल्या पावसात पत्रा गंजायला वेळ लागणार नाही. पोराने निमूटपणे ऐकून घेतलं. त्याचे आजोबा मात्र हसले. म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गाड्यांना प्लास्टिक नव्हतंच. टायर थेट पत्र्याला घासायचा. आणि आम्हाला भीती असायची ती पोलिसांची!"

पोलिसांची? मग मी जरा खोदकाम केलं.

आपल्याकडे गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून उंच गाडी शोधतात. मुद्दाम खाली आणणं मला शुद्ध वेडेपणा वाटायचा. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली तरुण पोरं जुनी शेव्हरोले घ्यायची, डिकीत वाळूची पोती टाकायची, नाहीतर स्प्रिंगचे वेढे कापायची. इतर पोरं गाड्या सुसाट पळवत असताना ही मंडळी रमतगमत जायची, लोकांनी नीट बघावं म्हणून! यांना नाव पडलं 'लोरायडर'.

1958 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला: फेरफार केलेल्या गाडीचा, चाकं सोडून, कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. इंजिनिअर म्हणून मला नियम पटतो. टायर बसला तरी गाडीचं पोट रस्त्याला टेकू नये. पण प्रत्यक्षात मेक्सिकन पोरांना अडवायला ते एक आयतं निमित्त झालं.

यावरचा तोडगा मला फार आवडला. 1959 मध्ये रॉन अगिरे यांनी विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह आपल्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसले की बटण दाबायचं, गाडी वर! शिवाय चाक आणि मडगार्डचं भांडणही मिटलं: उभी असताना खाली, चालताना वर. डिग्री-बिग्रीची गरज पडली नाही.

पुढे शहरांनी रमतगमत फेऱ्या मारण्यावरच बंदी आणली. सान दिएगोशेजारच्या नॅशनल सिटीत ती 1992 मध्ये आली. पण काळ बदलतो. 2017 मध्ये 'जिप्सी रोझ' ही गुलाबांनी रंगवलेली 1964 ची इम्पाला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर सन्मानाने काचेच्या पेटीत ठेवली गेली. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपालांची सही होऊन 1 जानेवारी 2024 पासून फेऱ्यांवरच्या स्थानिक बंद्या आणि तो 1958 चा नियम, दोन्ही गेले. 66 वर्षं!

आजोबांना मी ही तारीख सांगितली. ते म्हणाले, "माहितीय. त्या दिवशी नातवाला घेऊन फेरी मारून आलो. कोणी थांबवलं नाही, तरी आरशात बघत होतो."

माझा उपदेश एकदम पोकळ वाटला. मी त्या पोराला गाडी कशी असावी ते सांगत होतो. त्याच्या आजोबांनी तेच उभ्या तारुण्यात बाहेरच्यांकडून ऐकलं होतं.

असो. रविवारी मी हीट गन घेऊन त्याच्याकडे गेलो. अस्तर जिथे घासतं तिथे तापवून आत दाबलं, एक कोपरा कापला आणि परत बसवलं. टायर आता घासत नाही. गाडी मात्र चार बोटं खालीच आहे!