मुंबईचा करदाता आणि सन १८७२ चा म्युनिसिपल कायदा

ऐतिहासिक साधनांचा संग्रह करणारे आपण लोक सनदा, महजर, वतनपत्रें व तहनामे यांचा जितका परामर्श घेतों, तितका कराच्या साध्या पावतीचा घेत नाहीं. ज्या घरांत वाड्याचें खरेदीखत रेशमी रुमालांत जपलेलें असतें, त्याच घरांत घरपट्टीचीं बिलें रद्दी म्हणून टाकलीं जातात. वास्तविक राज्यसत्तेनें प्रजेपासून किती घ्यावें, कशासाठीं घ्यावें आणि घेतलेल्याचा हिशेब कोणास द्यावा, हा इतिहासांतील मुख्य प्रश्नांपैकीं एक आहे. आणि मुंबई शहरापुरता त्याचा पहिला मोठा निवाडा घरपट्टीवरूनच झाला. तो सन १८७१ च्या चळवळीनें व सन १८७२ च्या कायद्यानें झाला. त्याचें स्वरूप काय व त्यांत उणें काय राहिलें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं करास राजाचें वेतन मानिलें आहे. बौधायनाच्या मतें राजानें षष्ठांश घ्यावा व त्याच्या मोबदल्यांत प्रजेचें रक्षण करावें. मनूनें जळू, वासरूं व भ्रमर यांचे दृष्टांत देऊन कर थोडा थोडा घेण्यास सांगितलें. तत्त्व निर्दोष आहे. परंतु वेतन घेणारानें काम केलें नाहीं, तर वेतन देणारानें वर्षाकाठीं हिशेब कोणापाशीं मागावा, याची योजना त्यांत आढळत नाहीं. कौटिल्यानें सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले, तरी तेथेंहि हिशेब जातो तो राजाकडे. प्रजेकडे येत नाहीं. हा मधला दुवा मुंबईच्या करदात्यांनीं मागितला.

सन १८६१ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यास कायदेकौन्सिल मिळालें व १८६२ पासून तें काम करूं लागलें. गिरगांवचे जगन्नाथ शंकरशेट हे त्यांतील सरकारनियुक्त सभासदांपैकीं एक होते. सरकारी जमाखर्चाच्या अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार या कौन्सिलास १८९२ पर्यंत नव्हता. असें असतां शहरावर कर बसविण्याची मुभा देणारे कायदे मात्र तेथेंच होत. त्यांतील सन १८६५ च्या दुसऱ्या ॲक्टानें शहरांतील सर्व जस्टिस ऑफ दि पीस यांचें एक मंडळ बनवून म्युनिसिपालिटी त्याच्या नांवें केली, आणि सारी कार्यकारी सत्ता एका कमिशनरच्या हातीं दिली. हा कमिशनर सरकारनें नेमावयाचा. जस्टिसहि सरकारनेंच नेमलेले. अर्थात् घरपट्टी, पोलिसपट्टी, दिवाबत्तीची पट्टी, पाणीपट्टी, गाड्याघोड्यांवरील कर व नगरजकात देणाऱ्या मनुष्यानें निवडलेला असा एकहि इसम त्या व्यवस्थेंत नव्हता.

पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार गृहस्थ होते, हें त्यांच्या प्रतिपक्षासहि नाकारतां आलें नाहीं. शहराची सफाई, गटारें, रस्ते व मंडया यांस त्यांनीं जी गति दिली, ती पूर्वी कोणीं दिली नव्हती. सन १८६९ मध्यें पुरी झालेली व पुढें महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालेली मंडई त्यांच्याच काळची. परंतु वेळ वाईट होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास आलेला भाव युद्धाबरोबर संपला. १ जुलै १८६५ रोजीं शेअरांच्या सट्ट्याच्या मुदती भरल्या आणि शहरांतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. जमिनीच्या किंमती कोसळल्या. ज्या घरमालकाची मिळकत आटली, त्याच्याच दारीं वाढत्या पट्टीचें बिल येऊं लागलें. इकडे म्युनिसिपालिटीचा खर्च उत्पन्नास मागें टाकून गेला व कर्ज झालें. खर्च आवरावा असें जस्टिसांच्या मनांत आलें तरी कमिशनरचा हात धरण्याचें बळ कायद्यानें त्यांस पुरेसें दिलेलें नव्हतें.

सन १८७१ मध्यें असंतोष उघड झाला. जस्टिसांच्या सभेंत फोर्ब्स यांनीं कमिशनरच्या अनिर्बंध सत्तेविरुद्ध ठराव आणला. करदात्यांच्या बाजूनें नवरोजी फर्दुनजी यांनीं हिरिरीनें काम केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खर्च कमी करा, कर उतरवा, आणि एका मनुष्याच्या हातीं असलेली सत्ता काढून मंडळाच्या हातीं द्या. या लोकप्रिय मताच्या विरुद्ध एक तरुण बॅरिस्टर उभे राहिले. ते फिरोजशहा मेहता होत. लोकांचा रोष पत्करून त्यांनीं सांगितलें कीं, दोष कार्यकारी सत्ता एकहातीं असण्यांत नाहीं. ती ज्याला जाब देईल असें लोकनियुक्त मंडळ नाहीं, यांत आहे. कारभार मंडळाच्या हातीं दिला, तर तो कोणाचाच राहणार नाहीं. कारभारी एकच ठेवा, परंतु त्याची थैली करदात्यांच्या प्रतिनिधींच्या हातीं द्या.

दोन्ही पक्षांस मर्यादित सत्ताच हवी होती. मर्यादा कोठें घालावी, एवढाच भेद होता. करदात्यांचा पक्ष ती रकमेवर घालूं पाहत होता. मेहतांनीं ती मंजुरीवर घातली. माझ्या मतें मेहतांचें म्हणणें अधिक खोल होतें. रकमेची मर्यादा एका वर्षाच्या निकडीनें मोडते. मंजुरीची मर्यादा प्रतिवर्षीं नवी होते.

सन १८७२ च्या तिसऱ्या ॲक्टानें मुख्यतः हीच योजना स्वीकारली. चौसष्ट सभासदांचें कॉर्पोरेशन झालें. त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं, १६ जस्टिसांनीं निवडावयाचे व १६ सरकारनें नेमावयाचे. बारा जणांची टाउन कौन्सिल नेमून जमाखर्चावरील नजर तिच्याकडे दिली. हिचीच पुढें स्टँडिंग कमिटी झाली. कमिशनर सरकारनियुक्तच राहिला, पण अंदाजपत्रक मंजूर होण्यास आतां कॉर्पोरेशनच्या दारीं जाणें त्यास भाग पडलें. सन १८७३ मध्यें पहिली निवडणूक झाली. सन १८८८ च्या ॲक्टानें सभासदसंख्या ७२ व करदात्यांचे प्रतिनिधी ३६ केले, कराचे दर कायद्याच्या चौकटींत दरसाल कॉर्पोरेशननें ठरवावे असें सांगितलें, आणि अंदाजपत्रकांत मंजुरी नसलेल्या बाबीवर पैसा खर्चण्यास बंदी केली. तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह अद्याप चालू आहे. व्यवहारमयूखाचें संपादन व भाषांतर करणारे विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे शास्त्रज्ञ या कॉर्पोरेशनांत बसून आंकडे तपासूं लागले, ही गोष्ट राजधर्माच्या अभ्यासकास विशेष सूचक वाटेल.

तथापि या विजयांत तीन उणिवा होत्या. पहिली अशी कीं, सन १८७२ चा मतदार म्हणजे वर्षास निदान ५० रुपये पट्टी देणारा. गिरगांवच्या चाळींतील कारकून व परळ-लालबागेंतील गिरणीकामगार यांस मत नव्हतें. परंतु घरपट्टी भाड्यांतून त्यांच्याचकडून वसूल होई, आणि धान्य, साखर, तूप व सर्पण यांवरील नगरजकात त्यांच्या ताटांतूनच जाई. मासिक १० रुपये भाडें देणाऱ्यास मत मिळण्यास १९२२ साल उजाडलें व सर्व प्रौढांस मत मिळण्यास १९४८. कर देणारा व संमति देणारा एक होण्यास अशीं ७५ वर्षें लागलीं.

दुसरी उणीव सरकारच्या बाजूची. पोलीस सरकारच्या हुकमतींत, पण त्यांच्या खर्चाचा भार शहरावर, ही विसंगति १९०७ च्या कायद्यानें मिटली. तेव्हां पोलीसखर्च सरकारनें घेतला व प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदत कॉर्पोरेशनकडे आली. सन १८९८ मध्यें स्थापिलेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टाची तीच गत. दादर-माटुंग्याची आंखीव वस्ती ही त्या ट्रस्टाची देणगी खरी. पण त्यास कॉर्पोरेशननें दरसाल पैसा द्यावा आणि ट्रस्टावर तिचें स्वामित्व मात्र नसावें, ही रचना १९३३ मध्यें तो कॉर्पोरेशनांत विलीन होईपर्यंत चालली.

तिसरी उणीव करदात्यांच्याच पक्षाची. कर हलका असावा एवढ्यानें शहर जगत नाहीं. सन १८९६ मध्यें मांडवींत प्लेग प्रकटला, तेव्हां गटारें व दाट वस्ती यांकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत शहरानें प्राणांनीं भरली. भ्रमरानें फूल कुस्करूं नये हें खरें. पण झाडास पाणीच घातलें नाहीं, तर फूल येणार कोठून?

या जुन्या वादाचें प्रयोजन संपलें आहे असें कोणी समजूं नये. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईचा ऑक्ट्रॉय बंद झाला, व त्याबद्दलची भरपाई राज्य सरकारकडून येऊं लागली. कर गेला, पण त्याबरोबर शहराचें एक स्वतंत्र उत्पन्नहि गेलें. सन २०२२ मध्यें ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ताकराची माफी राज्याच्या विधिमंडळानें दिली. लहान घरवाल्यास दिलासा मिळाला, हें इष्टच. पण त्याच वर्षीं मार्चमध्यें महापालिकेची मुदत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानेंच अंदाजपत्रक मांडलें व प्रशासकानेंच तें मंजूर केलें. सन १८७१ च्या करदात्यास ही स्थिति ओळखीची वाटली असती. कर माफ करणें ही सत्तेची कृपा असूं शकते, आणि कृपा काढून घेतां येते. मंजुरीचा अधिकार मात्र कृपा नव्हे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, गिरगांव-परळांतील जुन्या घरांतून घरपट्टीचीं बिलें, जप्तीच्या नोटिसा, मतदारांच्या याद्या व सभांचीं हस्तपत्रकें मिळतील तीं तारीखवार जपावीं. एकाच घराचीं १८६५ पासून १८८८ पर्यंतचीं बिलें ओळीनें लागलीं, तर कायद्यानें घातलेली मर्यादा उंबरठ्यापर्यंत कितपत पोंचली, हें कौन्सिलांतील भाषणांपेक्षां त्यांवरूनच अधिक खात्रीनें सांगतां येईल.