परसातील चूल आणि ऊन पाणी

वसईच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला पहाट प्रथम कळे ती धुराच्या वासाने. पहिल्या मिस्साची घंटा व्हायची असे, विहिरीवरचा रहाट अजून कुरकुरू लागलेला नसे; परंतु मागील दारी तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढलेला असे. स्वयंपाकाची चूल घरात आणि आंघोळीच्या पाण्याची चूल परसात, ही विभागणी सकारण होती. विहीर व न्हाणी मागच्या अंगणातच असल्याने भरलेली घागर फार लांब वाहून न्यावी लागत नसे. शाकारलेल्या छपरापासून ठिणगी दूर राही. आणि झावळ्यांचे देठ, नारळाची सोडणे, वाडीतला पालापाचोळा असे स्वयंपाकाला न चालणारे जळण येथे खपून जाई.

ही सामान्य वाटणारी गोष्ट फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हित्रुव्हियस याने सार्वजनिक स्नानगृहांच्या भट्टीचे वर्णन केले आहे. भट्टीवर ऊन, कोमट आणि गार पाण्याची तीन भांडी अशी मांडावीत, की पहिल्यातून जेवढे पाणी जाईल तेवढेच दुसऱ्यातून त्यात यावे, असे तो सांगतो. इ. स. 65 मध्ये निधन पावलेला तत्त्वज्ञ सेनेका तांब्याच्या बारीक नळीची वेटोळी असलेल्या पात्रांचा उल्लेख करतो. पाणी एकाच विस्तवाभोवती अनेक फेरे घेते आणि आत गार शिरलेले ते बाहेर कढत पडते. युक्ती कोणाची, हे ग्रंथांत सापडते. पण त्या भट्ट्यांत लाकडे सारणारे हात गुलामांचे होते, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांच्या 36व्या प्रकरणात आजाऱ्यांची शुश्रूषा सर्वप्रथम मानली आहे. आजाऱ्यांना हितकर असेल तितक्या वेळा स्नान घडावे, धडधाकटांना व विशेषतः तरुणांना ते क्वचित मिळावे, असा तेथे दंडक आहे. रोमच्या श्रीमंतांची चैन येथे सेवेचे साधन झाली. आमच्या घरांतही ऊन पाण्यावर पहिला हक्क बाळंतिणीचा, तान्ह्या बाळाचा आणि म्हाताऱ्या माणसांचा असे. या रीतीसाठी कोणाला मठाचा नियम वाचावा लागला नाही.

पुढे सुखवस्तू घरांत हंड्याच्या जागी तांब्याचा बंब आला. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी कारागिरांनी हातोडीने ठोकून घडविलेले हे पात्र म्हणजे काटकसरीचा नमुनाच होय. मधोमध उभा नळा, त्यात वरून टाकलेले जळण, खाली जाळी व राख, आणि नळ्याभोवती पाणी. उघड्या चुलीवर आच हंड्याच्या बाजूंनी निसटून जाते. बंबात ती पाण्याने वेढलेली असते. गार पाणी जड म्हणून तळाशी राहते, तापलेले वर चढते. म्हणून नरसाळ्यातून एक तांब्या गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच ऊन पाणी बाहेर पडे.

थोडा हिशेब करून पाहू. 20 लिटर पाणी 25 अंशांनी तापविण्यास 500 किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे 3,500 किलोकॅलरी असतात. म्हणजे सर्व आच पाण्याला मिळाली, तर दीडशे ग्रॅमही लाकूड लागू नये. पण उघड्या चुलीत आचेचा आठवा हिस्साच कामी आला, तर माणशी किलोभराहून अधिक जळण जाते. आठ माणसांच्या घरात रोज नऊ किलो! ते कोणी गोळा केले, कोणी फोडले, पावसाळ्यासाठी कोणी कोरडे राखले?

उत्तर घरोघर एकच आहे. आई, आजी, थोरली सून. फुंकणीने विस्तव फुलविताना धूर त्यांच्याच डोळ्यांत आणि छातीत गेला. घरातील इंधनाच्या धुराने दूषित झालेल्या हवेमुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे मृत्यू पावली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परसातील धूर उघड्यावर पांगतो हे खरे; पण चुलीपुढे वाकलेल्या बाईला तो आधी गाठतो. म्हणून गॅस आणि सौर बंब आले याचे आम्हांला दुःख नाही. त्या चुलीचे गोडवे बहुधा तिने न्हाऊ घातलेली माणसे गातात, ती पेटविणारी नव्हे.

वाचकहो, आपल्या माळ्यावर जुना बंब पडला असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाईला एवढे विचारा, की पहाटे किती वाजता तो पेटे, आणि सर्वांच्या आंघोळी उरकल्यावर तिच्या वाट्याला ऊन पाणी उरे का. ती जे सांगेल ते कुटुंबाच्या वहीत तिच्या नावासह लिहून ठेवा.