निष्क्रान्ताः सर्वे

भंडारा जिल्ह्यांतील एकोडीसारख्या झाडीपट्टीच्या गांवांत दिवाळीनंतर मंडई भरते, आणि त्या रात्रीं उभें राहिलेलें नाटक पहाटेपर्यंत चालतें. या मुलखाचा जुना खेळ म्हणजे दंडार. ती उघड्या जागेंत, पडद्यावांचून व्हावयाची. जेथें पडदा पाडून शेवट दाखवितां येत नाहीं, तेथें पात्रानें निघून जाणें हाच शेवट होय.

संस्कृत रंगभूमीची स्थिति अशीच होती. तिची यवनिका मागें, नेपथ्याच्या तोंडाशीं असे. प्रेक्षकांपुढें येऊन ती अंक झांकीत नसे. म्हणून अंकाच्या अखेरीस नाटककार ‘निष्क्रान्ताः सर्वे’, सगळे निघून गेले, एवढेंच लिहितो. नाट्यशास्त्रांत तर पात्राच्या जाण्याचें वेगळें गीतही सांगितलें आहे. त्याचें नांव नैष्क्रामिकी ध्रुवा. पुढें दर्शनी पडदा आला आणि मराठींत साऱ्या गोष्टींवर ‘पडदा पडूं’ लागला. निष्क्रमण हा शब्द पोथ्यांतच राहिला.

त्याचा अर्थ पाऊल बाहेर टाकणें. चौथ्या महिन्यांत तान्ह्या मुलाला घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवितात, तो निष्क्रमणसंस्कार. २९ व्या वर्षीं सिद्धार्थानें घर सोडलें, तें महाभिनिष्क्रमण. ग्रीकांचा ‘एक्सोडॉस’ याचा सख्खा भाऊच: बाहेरची वाट, आणि शोकान्तिकेंत शेवटच्या वृंदगानानंतरचा भागही. इस्राएलांनीं मिसर सोडल्याच्या कथेस हेंच नांव पडलें. मराठी पवित्र शास्त्रांत तें ‘निर्गम’ झालें.

परंतु या शब्दाची धार पाहावी ती भवभूतीच्या नाटकांत. आपले पूर्वज विदर्भांतील पद्मपुरचे, असें तो सांगतो, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तें आमगांवजवळचें पदमपूर ठरविलें. हें गांव तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत सीतेला वनविहाराचे डोहाळे लागले आहेत. राम रडत अगोदरच निघून गेलेला असतो. रथ सज्ज झाल्याचें ऐकून ती निःशंकपणें निघते. सूचना तीच, दोन शब्दांची. पण हें जाणें त्यागाचें आहे हें प्रेक्षक जाणतो, जाणारी जाणत नाहीं.

रामायणाच्या उत्तरकांडांत सीता अखेर भूमींत शिरते. भवभूतीला तें सोसलें नसावें. सातव्या अंकांत त्यानें तिला परत आणलें, आणि त्याच्या शेवटच्या ‘निष्क्रान्ताः सर्वे’मध्यें सीता रामाबरोबर बाहेर पडते.