विषाचा माग काढणारे विकर

१/ डिसेंबर १९३६. जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे 'आय. जी. फार्बेन'चा रसायनतज्ज्ञ गेऱ्हार्ड श्राडर माव्यावर उतारा शोधत होता. नव्या रसायनाने मावा मेला. पुढच्याच महिन्यात मात्र श्राडर आणि त्याच्या सहायकाच्या बाहुल्या आकसल्या, दृष्टी अंधुक झाली, श्वास कोंडू लागला. हे ताबून. त्यात लष्कराला रस वाटला नसता तरच नवल! १९३८ मध्ये त्याहून जहाल सारिन तयार झाले.

२/ त्याच सुमारास पॅरिसमध्ये डेव्हिड नाखमानसोन विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाचा अभ्यास करीत होता. ज्यू असल्याने १९३३ मध्येच त्याने जर्मनी सोडली होती. त्या माशाच्या विद्युत-अवयवात कोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, विपुल प्रमाणात असल्याचे त्याला आढळले. श्राडरचे विष नेमके याच विकराला निकामी करते, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हते.

३/ मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की ॲसिटिलकोलिन स्रवते आणि हे विकर ते लगेच विघटित करते. विकर बंद पडले, तर निरोप पुसलाच जात नाही. स्नायू आखडतात, श्वास थांबतो.

४/ जैवसंवेदकाची सारी युक्ती या घातातच आहे. विकर एका पट्टीवर बसवायचे, त्याला विघटनासाठी पदार्थ पुरवायचा, त्यातून उमटणारा विद्युत-संकेत मोजत राहायचे आणि पट्टीवरून हवा ओढायची. संकेत मंदावला, की हवेत विष आहे. पहारेकरी ओरडत नाही. तो गप्प होतो, आणि ती शांतता ऐकून भोंगा वाजतो.

५/ १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी साखर मोजण्यासाठी विकर आणि इलेक्ट्रोड यांची सांगड घातली. पुढे ब्रिटिश सैन्याच्या 'नायड' यंत्रात स्थिर केलेले कोलिनएस्टरेजच हवेवर पहारा देत होते. १९९१ च्या आखाती युद्धात ते वाळवंटात पोहोचले. उणिवाही होत्याच. उष्णतेने विकर लवकर निकामी होते. शिवाय कीटकनाशक आणि सारिन एकाच कुळातले. विकराला त्यांतला भेद कळत नाही. श्राडरचा प्रवास पाहता, याचा दोष विकराला देणे अन्यायाचेच ठरेल.

६/ २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले. तिथे असला कोणताही भोंगा नव्हता. रुग्णालयात पोहोचलेल्यांच्या बाहुल्या आकसल्या होत्या आणि रक्तातील कोलिनएस्टरेज घटले होते. त्यांना दिलेल्या औषधांत प्रॅलिडॉक्झिम होते. बंद पडलेले विकर पुन्हा चालू करणारे हे औषध १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, नाखमानसोनच्या सहकाऱ्यांनी शोधले होते.