डोळ्यातील अल्कली-दाह व क जीवनसत्त्व

चुना, अमोनिया, दाहक सोडा यांसारखी अल्कली डोळ्यात गेल्यास ती अम्लापेक्षा खोल शिरते आणि स्वच्छमंडलावर (बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावर) व्रण होऊन त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. भारतात तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांना अशी इजा झाल्याचे आढळते. डोळ्याच्या पुढील भागातील द्रवात क जीवनसत्त्व (ॲस्कॉर्बिक अम्ल) रक्तद्रवाच्या सुमारे २० पट असते. ते तेथे पोहोचविणाऱ्या रोमक पिंडालाच इजा झाली की, शरीरात स्कर्व्ही नसतानाही डोळ्यापुरती तशी अवस्था येते व कोलॅजेन नीट बनत नाही. लेव्हिनसन, पॅटरसन व फिस्टर यांनी १९७६ मध्ये सशांना हे जीवनसत्त्व टोचून दिले, तेव्हा व्रण व छिद्रे पुष्कळशी टळली. त्याच्या ऑक्सिडीभवनरोधी गुणाचा (मुक्त मूलकांच्या शमनाचा) पुढे बराच गौरव झाला. तथापि या उपचाराचा मूळ आधार कोलॅजेननिर्मिती हाच होता. आधीच पडलेल्या व्रणावर मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तेथे श्वेतकोशिकांना आवरणारे सिट्रेट सरस ठरले. ही सर्व औषधे डोळा तत्काळ व दीर्घकाळ पाण्याने धुतल्यानंतरची होत. पापणीआड चुन्याचा कण राहिल्यास दाह चालूच राहतो.